म्हैसूरची क्लचप्लेट

म्हैसूरहून परत आल्यापासून जो तो एकच प्रश्न विचारतो आहे, राजवाडा पाहिलात का? पाहिला. बाहेरून पाहिला, पिकअप ढकलताना. घामाने डोळे चुरचुरत होते, त्यामुळे घुमट कोणत्या रंगाचे आहेत हे मला विचारू नका. बाग राहिली, प्राणिसंग्रहालय राहिलं. त्याऐवजी आम्ही क्लचप्लेटा पाहिल्या, आणि त्या मात्र पोटभर पाहिल्या. कुणी तिकडे जाणार असेल तर बागेची माहिती दुसऱ्याकडून घ्यावी, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ दिनकर. लातूरजवळच्या गावात आमचा लाकडी तेलघाणा आहे. चार वर्षांपूर्वी तो आम्ही ट्रेलरवर बसवला आणि डिझेल पिकअपच्या मागे जोडून बाजारोबाजारी न्यायला लागलो. लोकांसमोर उखळात करडई टाकायची, मोटर सुरू करायची आणि निघालेलं कोमट तेल बाटलीत भरून द्यायचं. घाणा, मोटर, पोती आणि डबे मिळून ट्रेलर चांगलाच जड होतो.

पूर्वी गाडी आम्ही दोघंही चालवायचो. आठ महिन्यांपूर्वी सोलापूर रस्त्यावर, दिनू चालवत असताना, क्लच जळाला. गाडी ओढून लातूरच्या गॅरेजात आणली आणि मी सगळ्यांसमोर त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. तो काहीतरी सांगायला लागला तर मी म्हणाले, "ज्याला घाण्याचा बैल धड हाकता आला नाही, तो गाडी काय हाकणार?" गॅरेजभर हशा झाला. लहानपणी दिनूला वडील बैलामागे बसवायचे तेव्हा तो पेंगायचा आणि बैल उभा राहायचा, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. तेव्हापासून तो डावीकडच्या सीटवर बसतो आणि शेंगा सोलतो.

म्हैसूरला निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "अक्का, ही एवढी फेरी करतो. मग मी पुण्याला जातो. एका कंपनीच्या गेटवर काम मिळतंय." घाणा एकट्याने चालत नाही. एक माणूस उखळाशी लागतो, एक गिऱ्हाइकाशी. तो गेला की घाणा बंद, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी नुसतं "बरं" म्हणाले आणि पोती मोजायला लागले.

अग्रहार

म्हैसूरला देशी बियाण्यांचा तीन दिवसांचा मेळा होता. तो भरला होता एका छत्रात. छत्र म्हणजे तिकडचं मंगल कार्यालय. गुरुवारी सकाळी आम्ही गावात शिरलो आणि राजवाड्याच्या चौकात सिग्नल सुटल्यावर मी ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिन गर्जायला लागलं आणि गाडी जागची हलेना. पोतं करपल्यासारखा वास आला. तो वास मला ओळखीचा होता. दिनूलाही. तो खाली उतरला.

आमच्याकडे अशा वेळी आधी हॉर्न वाजतात आणि मग सल्ले मिळतात. इथे चार रिक्षावाले न बोलावता आले, त्यांनी ट्रेलर सोडवून बाजूला लावला, पिकअपला हात लावला आणि ट्रेलर न्यायला कुणाचा तरी ट्रॅक्टरही बोलावला. छत्राच्या दारात पोचल्यावर एकाने मला विचारलं, "ऊट आयता, अक्का?" जेवण झालं का, एवढंच. आमच्याकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि तिकडेही. त्या पाच दिवसांत अर्धं म्हैसूर माझा धाकटा भाऊ झालं. खरा धाकटा मात्र दोन वाक्यांच्या वर बोलत नव्हता.

शुक्रवारी मेळा सुरू झाला. घाणा फिरत होता, तेल निघत होतं, आणि गिऱ्हाईक नाही असं बघून मी दिनूशी भांडत होते.

"आठ महिन्यांत दुसरी प्लेट," तो उखळात दाणे सारत म्हणाला.

"माल डुप्लिकेट निघाला."

"आणि पहिल्या वेळी?"

"पहिल्या वेळी तू होतास."

"भांडून झालं की मला एक लिटर द्या," समोरून कुणीतरी शुद्ध मराठीत म्हणालं. "घाई नाही. सावकाश भांडा."

साठीच्या पुढच्या एक बाई रिकामी बाटली घेऊन उभ्या होत्या. केसांत मोगरा, हातात कापडी पिशवी. मी ओशाळून हसले. "तुम्ही मराठी?"

"आमी मराठीच की. किती पिढ्या इथं झाल्या ते देवाला ठाऊक. घरात मराठी, गल्लीत कन्नडा, नातवंडांशी इंग्लिश. तोंड एकच, नोडि." बघा, या अर्थाचा नोडि त्यांच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्याला होता. त्यांचं नाव लीलाबाई. त्यांनी तेलाचा वास घेतला, थेंब बोटावर घासून पाहिला आणि मग विचारलं, "गाडीचं काय म्हणत होतात? क्लच? आमच्या ह्यांचं तेच काम. त्यांच्या शर्टाचा तो वास धुवून धुवून माझी उमर गेली. रात्री ऊटाला या. दोघंही या, आणि भांडण इथंच ठेवून या."

संध्याकाळी मेळा आवरून आम्ही अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीत त्यांच्या घरी गेलो. चालत दहा मिनिटं. बसकी घरं, दारासमोर शिंपडलेलं पाणी आणि रांगोळी, मधेच एखादं देऊळ, देवळाला टेकून किराणा दुकान. जेवायला खाली बसलो. पानात आधी भात आला, त्यावर साधं वरण आणि तूप. वरणाला त्या तोव्वे म्हणत होत्या. मग हुळी, म्हणजे भाज्या घातलेली आंबटसर आमटी, पुन्हा भात. मी मनात भाकरी शोधत होते. ती आली नाही, पण पानाच्या कोपऱ्यात काळसर चटणी वाढली गेली आणि मी जिभेवर ठेवताच ओरडले, "कारळं!"

"हुच्चेळ्ळू," लीलाबाईंनी दुरुस्ती केली.

"कारळंच," दिनू म्हणाला. त्या दिवसातलं आमचं एकमत झालेलं हे पहिलं वाक्य.

त्यांचे यजमान नागोजीराव. किडकिडीत बांधा, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि बोटांच्या रेषांत बसलेलं कायमचं ग्रीस. त्यांच्या घराण्याचा मूळ धंदा कापड रंगवायचा आणि छापायचा. तो आजोबांबरोबर संपला. आम्ही करडईवाले म्हटल्यावर ते एकदम खुलले.

"आजोबा करडईच्या फुलांचा रंग करत. फुलं आमची, बिया तुमच्या. म्हणजे सोयरेच की." मग बोटं चाटून म्हणाले, "आणि एक सांगतो. कापड आणून दिलं तरी ते लगेच रंगवत नसत. आधी विचारायचे, हे धुणार कोण? नदीवर की विहिरीवर? आपटून की चोळून? त्यावर रंग ठरवायचे. मीही तसंच करतो. उद्या या कारखान्यात. येताना पाय आणा."

"पाय?"

"दोघांचे. प्लेट गाडीच्या मापाची मिळते, अक्का. पायाच्या मापाची निवडावी लागते."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

बेळगोळचा रस्ता

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी तेल विकत घेऊ नये ही समजूत आमच्याकडे आहे, तशीच तिकडे आहे. लोक यायचे, घाण्याकडे कौतुकाने बघायचे, वास घ्यायचे आणि "नाळे" म्हणून जायचे. नाळे म्हणजे उद्या. देवाला वाहायला तेल चालतं, घरी न्यायला चालत नाही. तासाभरात मी डब्यांवर कापड टाकलं, ट्रेलर छत्रातच ठेवला आणि रिकामी पिकअप खालच्या गिअरात रडतखडत बेळगोळला आणली. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा कारखान्यांचा भाग. नागोजीरावांचं गॅरेज एका लेथच्या दुकानाला लागून, पत्र्याचं. पण आतली फरशी अशी स्वच्छ की मी चप्पल काढावी का, या विचारात पडले.

गाडीला त्यांनी हात लावला नाही. मला आपल्या जुन्या जीपमध्ये बसवलं, स्वतः शेजारी बसले, दिनू मागे. "चला, कालव्याच्या पुलावरून फिरून येऊ. सुम्ने." सुम्ने म्हणजे उगीच, सहज. पण ते उगीच बसले नव्हते. रस्त्याकडे बघतच नव्हते, मान वाकवून माझ्या पायांकडे बघत होते. मला कसंसंच झालं. नशीब, आदल्या दिवशी लीलाबाईंच्या अंगणात पाय घासून धुतले होते.

पुलाच्या चढावर समोरून उसाची गाडी आली. मी थांबले, आणि अर्धा क्लच धरून, म्हणजे पेडल निम्म्यावर ठेवून, जीप चढावर तशीच तोलून धरली. इंचभर मागे नाही. मग अशी अलगद सोडली की मागच्या माणसाला कळूही नये. नागोजीराव म्हणाले, "फार मऊ पाय आहे अक्कांचा." मी आरशातून दिनूकडे पाहिलं. ऐकलंस ना, अशा अर्थाने.

मग दिनूची पाळी. आठ महिन्यांनी त्याच्या हातात चाक आलं होतं. त्याच चढावर तो थांबला, हँडब्रेक ओढला, डावा पाय पेडलवरून काढून खाली पत्र्यावर ठेवला. निघताना जीपने एक झटका दिला आणि माझं डोकं मागच्या पत्र्याला लागलं. "बघा," मी म्हणाले, "हा असा चालवतो." नागोजीराव नुसते हसले.

परत आल्यावर त्यांनी पिकअप वर उचलून गिअरबॉक्स उतरवायला घेतला. ते काम सुरू असताना आम्ही फळीवरच्या प्लेटा बघत बसलो. मला खरंच कुतूहल वाटायला लागलं होतं. इतकी वर्षं या वस्तूवर आमचं पोट चालतंय आणि मी ती कधी नीट हातात धरून पाहिली नव्हती. पोळपाटाएवढी गोल चकती. मध्ये गाभ्याभोवती जाड स्प्रिंगा, बाहेरच्या कडेला दोन्ही बाजूंनी करड्या रंगाचं अस्तर. इंजिन फिरत असतं, चाकं उभी असतात, आणि दोघांची गाठ घालून देणारं हे एवढंसं अस्तर.

"ह्या स्प्रिंगा कशाला?" दिनूने विचारलं.

"झटका खायला," गाडीखालून उत्तर आलं. "आणि अस्तर घासायला. प्रत्येकाचं काम वेगळं."

एक प्लेट निराळीच होती. अस्तराच्या जागी चार-सहा तांबूस गोळे बसवलेले. "ती बटन प्लेट. ट्रॅक्टरवाले मागतात. ओढायला राक्षस. पण मधलं काही तिला ठाऊक नाही. धरली तर धरली, सोडली तर सोडली."

मला ती एकदम आवडली. राक्षसच हवा होता मला. "हीच बसवा," मी म्हणाले.

"थांबा की अक्का. मेलेल्याला आधी बघू."

दुपारपर्यंत जळलेली प्लेट बाहेर आली. मग मी पिकअपच्या पेटीतून माझा पुरावा काढला. आठ महिन्यांपूर्वी जळालेली पहिली प्लेट मी वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवली होती. लोकांना मी सांगायची, पुढच्या मिस्त्रीला दाखवायला बरी. खरं सांगायचं तर दिनूने तोंड वर काढलं की दाखवायला ठेवली होती. "हा घ्या ह्याचा पराक्रम," म्हणून मी ती फरशीवर ठेवली.

नागोजीरावांनी पोतं अंथरलं, दोन्ही प्लेटा शेजारी शेजारी मांडल्या, चष्मा लावला. शेजारचा लेथवालाही हात पुसत बघायला आला.

"ही दिनकररावांची म्हणता?" त्यांनी जुनी उचलली.

"हो."

"आणि ही तुमची?"

"ती डुप्लिकेट मालाची."

"माल अस्सल आहे." त्यांनी माझा अंगठा धरून जुन्या प्लेटच्या अस्तरावरून फिरवला. काचेसारखं गुळगुळीत आणि काळं. मग दुसऱ्या प्लेटवरून फिरवला. तसंच. "दोन्ही हळूहळू भाजल्यात. मंद आचेवर. आता ह्या स्प्रिंगा बघा. दिनकरराव सुटताना झटका देतात, मी बघितलं. त्यांनी मारली असती तर स्प्रिंगा आधी ढिल्या झाल्या असत्या, रिपिटा हलल्या असत्या. इथं दोन्हीच्या स्प्रिंगा नव्या नवरीसारख्या आहेत. अक्का, मला एक सांगा. पहिल्या प्लेटच्या वेळी ट्रेलर जोडून बाजाराच्या गर्दीत कोण घालायचं? चढावर कोण?"

मी मनात एकेक बाजार, एकेक चढ आठवून पाहिला.

मीच घालायची. नेहमी. मोकळ्या रस्त्यावर दिनू, आणि बाजार जवळ आला, चढ आला, खड्डे आले की मी त्याला उतरवून स्वतः बसायची. कारण तेल. आमच्या घरात तेल सांडणं म्हणजे अवलक्षण. लहानपणी पळीभर सांडलं तरी वडील त्या दिवशी घाणा बंद ठेवायचे. दिनूच्या झटक्याने डबे हिंदकळायचे, झाकणातून ओघळ यायचे. माझ्या हातात चार वर्षांत थेंब सांडला नव्हता, आणि त्याचा मला केवढा ताठा होता! अर्धा क्लच धरून, घासत घासत, जावयाला पाटावरून उठवावं तशी मी गाडी हलवायची. पाय तर पेडलवरून कधी उतरवायचीच नाही, न जाणो कुठून शेळी आडवी आली तर. तेल वाचवत होते आणि क्लच भाजत होते. शेवटी प्लेट जळाली तेव्हा योगायोगाने दिनूची पाळी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोरानेच दिलेली.

"दोन्ही एकाच पायाच्या आहेत," नागोजीराव हळू आवाजात म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. पर्वागिल्ल, चालायचंच. सगळ्यांत मऊ चालवणारे लोकच सगळ्यांत जास्त क्लच जाळतात."

पण मला वाईट वाटलंच. कान तापले. गॅरेज निराळं होतं, पण माणसं तशीच भोवती उभी होती, आणि या वेळी हसत कुणीच नव्हतं. ते हसले असते तर बरं झालं असतं. मी दिनूकडे पाहिलं. तो जिंकल्यासारखा दिसेल असं वाटलं होतं. तो आपला जुनी प्लेट परत वर्तमानपत्रात गुंडाळत होता.

"त्या दिवशी गॅरेजात तू हेच सांगणार होतास का?" मी विचारलं.

"व्हय. पण बैल मधे आला."

नागोजीरावांनी पोत्यावर तीन नव्या प्लेटा ठेवल्या. "आता निवडा. पण आधी चालवणार कोण ते ठरवा, त्याशिवाय मी हात लावणार नाही. दिनकरराव एकटे चालवणार असतील तर ही बटन प्लेट, डोळे झाकून. अक्का चालवणार असतील तर ही बटन बेडा, नकोच. अर्धा क्लच धरला तर ही ज्या चाकाला चिकटते ते फ्लायव्हीलच खाऊन टाकेल. ही मधली साधी, कंपनीची, जशी होती तशी. अक्कांच्या पायाखाली आणखी आठ महिने. आणि ही तिसरी. अस्तर साधंच, पण हिच्या जोडीला, हिला दाबून धरायला, मोठ्या गाडीची दणकट प्रेशर प्लेट बसते. फ्लायव्हील लेथवर घासून घ्यायचं. पेडल स्वल्प जड होईल, ओझं नीट ओढेल. दोघांनाही चालवता येईल, पण ज्याला त्याला पाय खाली ठेवायला शिकावं लागेल."

किल्ली माझ्या कमरेला होती. मी ती काढून दिनूच्या हातात ठेवली. "चूक माझी होती," मी म्हणाले. "ही पण आणि पहिली पण. आणि बैलाचं बोलले ते तर फारच वाईट बोलले. तू ठरव."

दिनूने किल्ली खिशात टाकली. तीनही प्लेटा उचलून बघितल्या. मला वाटलं, तो राक्षसच घेणार. पण त्याने तिसरी पुढे सरकवली. "ही बसवा. अक्कालाही चालवता आली पाहिजे."

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट हा जाणार, म्हणूनच मला चालवता येईल अशी गाडी मागे ठेवून जातोय, असं मनात आलं. विचारायचं धाडस झालं नाही. रविवारभर मी मेळ्यात तेल विकलं, शनिवारी "नाळे" म्हणून गेलेले सगळे आले, आणि मी दोनदा चुकीच्या बाटलीत चुकीचं तेल ओतलं.

तलकाड

नव्या प्लेटला लगेच जड ओढायला लावायचं नाही, आधी रिकाम्या गाडीवर अस्तर बसू द्यायचं, असं नागोजीरावांनी बजावलं होतं. "सोमवारी तलकाडला जाऊन या. मग घरी जाताना सावकाश." लीलाबाईंनी लगेच त्यात आपलं काम घातलं. आदल्या दिवशी आमच्याकडून मुद्दाम काढून घेतलेलं तिळाचं तेल, डबाभर, तिथल्या देवळात दिव्याला द्यायचं.

दिनू चालवत होता. मी डावीकडे, मांडीवर डबा. डावीकडच्या सीटवरून रस्ता फार निराळा दिसतो, हे मी आठ महिन्यांत विसरूनच गेले होते. भाताची खाचरं, नारळीच्या रांगा, तुतीची शेतं, पिशवीत कोंबडा घेऊन चाललेला सायकलवाला. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं तर पेढे वाटतात, इथे पाणी रस्त्याच्या कडेने कुणाचं लक्ष नसताना वाहत होतं. प्रत्येक वळणाला माझा डावा पाय आपोआप दाबला जायचा. खाली नुसता पत्रा.

"अक्का, तिकडे पेडल नाही," दिनू म्हणाला.

"माहीत आहे मला."

तलकाडला कावेरीच्या काठी वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्या वाळूत देवळं गाडली गेली आहेत. काही उकरून काढली आहेत, त्यांच्यापर्यंत खाली उतरून जावं लागतं. वर पत्र्याची छपरं घातलेली वाट आहे, नाहीतर दुपारी पाय भाजतील. डबा धरून वाळूतून चालताना मला कळलं की पाय जितका जोर लावून रोवावा तितका रुततो. एका जागी उभं राहून पाहिलं, देवळाच्या भिंतीच्या कोनाड्यात ताजी वाळू साचली होती आणि एक बाई ती खराट्याने काढत होती. "रोज?" मी खुणेने विचारलं. तिने मान हलवली. रोज. मला ती बाई फार आवडली, का ते सांगता येत नाही.

पुजाऱ्यांनी तेल आपल्या घागरीत ओतून घेतलं. घागर भरली तरी डब्यात चौथाई उरलं. ते म्हणाले, "साकु," पुरे, आणि उरलेलं परत दिलं. डब्याचं झाकण मात्र त्या गडबडीत कुठे पडलं ते सापडेना. मी तोंडाला केळीच्या पानाचा तुकडा बांधला.

नदीवर जाऊन पाय धुतले. पाणी घोट्याएवढं, खालची वाळू दिसणारं. तिथे मी विचारून टाकलं.

"तू ती प्लेट मला चालवता यावी म्हणून घेतलीस. म्हणजे तू पुण्याला जाणार."

दिनूने वाळू घासून टाच धुतली. दुसरी धुतली. "गेटवर उभं राहायचं काम आहे ते," तो म्हणाला. "दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट द्यायची."

"म्हणजे जाणार की नाही?"

"चल, उशीर होईल."

तो असाच आहे. वडीलही असेच होते. मी चिडून डबा उचलला.

नदीकाठावरून वर रस्त्याला यायला एक लहानसा चढ आहे. निम्म्या चढावर दिनूने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून माझ्या बाजूला आला. "बस तिकडे."

"मी? आता? मागे बस उभी आहे."

"म्हणूनच."

मी जाऊन बसले. किल्ली लावलेलीच होती. डबा त्याने माझ्याकडून घेऊन स्वतःच्या मांडीवर धरला. पेडल खरंच जड लागलं. मागच्या बसने हॉर्न दिला. माझा पाय सवयीप्रमाणे अर्ध्यावर थांबायला लागला. अर्ध्यावर धरायचं, घासायचं, अलगद. मला तो वासही आल्यासारखा वाटला.

"धरू नको. सोड," दिनू म्हणाला.

मी हँडब्रेक सोडला आणि क्लचही सोडला. गाडी असा झटका देऊन चढाला लागली की केळीचं पान सुटलं आणि तेल भसकन दिनूच्या मांडीवर, शर्टावर, सीटवर सांडलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून तेल सांडलं. देवाचं तेल! माझा पाय पुन्हा पेडलकडे धावला.

दिनूने डब्याच्या तोंडावर एक हात दाबला होता. दुसऱ्या हाताने मांडीवरचं तेल निपटून तो शांतपणे डोक्याला चोळत होता.

"पाय खाली ठेव, अक्का," तो म्हणाला. "तेलाचं मी बघतो."